पाळकाचा पगार कोणत्या वाटेने यावा? दानपिशवी, पाकीट, क्यूआर आणि डायसिसचा पूल (बिशपच्या प्रांताचा सामाईक निधी) यांची पारख

पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, पगार द्यावा की नाही हा वाद ख्रिस्ती मंडळीत निघाला की दोन्ही बाजूंना बायबलातला प्रेषित पौलच सापडतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो म्हणतो, सुवार्ता सांगणाऱ्याचं पोट सुवार्तेवरच चालावं. मळणीच्या बैलाला मुसकं न घालण्याचा नियमशास्त्रातला दाखलाही देतो. आणि त्याच अध्यायात, मी मात्र हा हक्क वापरला नाही, असंही सांगून टाकतो. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करत होता, पण फिलिप्पैकरांनी मदत पाठवली तेव्हा ती घेतली आणि पोचही दिली. हक्क आहे आणि तो सोडायची मुभाही आहे. पण सोडायचा तो पाळकाने. मंडळीने परस्पर त्याच्या वतीने सोडून द्यायचा नसतो. 'पाळक सेवाभावी हवा' हे वाक्य पास्टोरेट कमिटीत (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत) बहुधा तोच बोलतो ज्याचा स्वतःचा पगार एक तारखेला बँकेत पडतो. नहेम्याच्या तेराव्या अध्यायात मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांचा वाटा थकला तेव्हा ते मंदिर सोडून आपापल्या शेतावर निघून गेले. आजचा पाळक शेतावर जात नाही, शिकवण्या घेतो नाहीतर विमा विकतो.

तेव्हा पगार द्यावाच, असं धरून पुढे जाऊ. खरी गडबड पैशाच्या वाटेत होते. तोच पैसा एका वाटेने आला तर पाळक निर्भयपणे प्रवचन करतो, दुसऱ्या वाटेने आला तर पहिल्या बाकावरच्या सावकाराचा मिंधा होतो. म्हणून इथे मराठी मंडळ्यांत वापरात असलेल्या साधनांची पारख केली आहे. कसोट्या चार: पैसे ठरल्या तारखेला मिळतात का, कोणी किती दिले हे पाळकाला कळतं का, हिशेब तिऱ्हाइताला तपासता येतो का, आणि पाऊस बुडाला त्या वर्षी हे साधन टिकतं का.

आधी आकडा ठरवा

साधन निवडण्याआधी महिन्याला किती उभे करायचे ते कागदावर हवं. बहुतेक कमिट्या नुसता पगाराचा आकडा धरतात आणि तिथेच फसतात. नमुन्यादाखल हिशेब करू. पगार १८,००० रुपये. निवृत्तीसाठी १२ टक्के धरले तर २,१६०. कुटुंबाचा आरोग्यविमा महिन्याला अंदाजे १,५००. चार-पाच वाड्या-वस्त्यांच्या उपासना असतील तर पेट्रोल ३,०००. ग्रॅच्युइटीच्या रूढ सूत्राने, म्हणजे वर्षाला पगाराच्या २६ पैकी १५ दिवसांप्रमाणे, वर्षाचे सुमारे १०,३८५, महिन्याचे ८६५. एकूण २५,५२५. साठ घरांच्या मंडळीत चाळीस घरं नियमित देणारी असतील तर घरटी ६३८ रुपये पडतात. नुसत्या १८,०००ला भागलं असतं तर ४५० आले असते. हा १८८ रुपयांचा फरकच पाळकाच्या म्हातारपणी बाहेर येतो. पाळकनिवासात तीस वर्षं काढलेल्या माणसाकडे निवृत्तीच्या दिवशी स्वतःची एक खोलीही नसते, आणि त्या दिवशी मंडळी शाल-श्रीफळ घेऊन येते.

दशांशाचं गणितही इथेच करून टाकू. दहा घरांनी पूर्ण दशांश दिला तर त्या दहा घरांच्या सरासरी उत्पन्नाएवढा पगार एका पाळकाला निघतो. चार टक्के दिले तर पंचवीस घरं लागतात, दोन टक्के दिले तर पन्नास. वीजबिल, डायसिसचा कोटा आणि छपराची गळती याच्या वर.

दानपिशवी

सगळ्यात जुनं आणि अजूनही सगळ्यात प्रामाणिक साधन. मखमली पिशवी, लाकडी दांडा किंवा दोन कड्या. हात आत जातो, मूठ उघडते, कोणाला काही दिसत नाही. ताटापेक्षा पिशवी केव्हाही बरी, कारण ताटात शंभराच्या नोटेखाली दहाची लपवायची सर्कस करावी लागते. दुसऱ्या कसोटीवर पिशवीला पैकीच्या पैकी गुण.

बिघाड होतो तो पिशवी वेदीपुढून आत गेल्यावर. मोजणीची रीत अशी हवी: उपासना संपताच पिशव्या टेबलावर उलट्या कराव्यात, त्या आतून बाहेर काढून झटकाव्यात (शिवणीत पाच रुपयांचं नाणं अडकतंच), नोटा मूल्यवार लावाव्यात, नाणी वेगळी. मोजणारे दोन, एकमेकांचे नातेवाईक नसलेले. तिसरा खजिनदार फक्त लिहिणारा. छापील पत्रकावर नोटांची संख्या, नाण्यांची संख्या, बेरीज आणि तिघांच्या सह्या. एक प्रत वहीत, एक पाकिटात. पैसे सोमवारी बँकेत. पाळक त्या खोलीत नकोच. प्रार्थना करून त्याने निघून जावं. अनेक गावांत नेमकं उलटं चालतं. पाळकसाहेब स्वतः मोजतात, गरजेपुरते त्यातूनच घेतात आणि 'पगारात वळते करा' म्हणतात. माणूस सच्चा असतो, पण सहा महिन्यांनी किती वळते झाले यावर त्याच्याकडे आणि खजिनदाराकडे दोन वेगळे आकडे असतात आणि मग मंडळीत तट पडतात. रोखीने पगार द्यायचाच असेल तर पूर्ण रक्कम आधी बँकेत भरून, मग काढून, व्हाउचरवर सही घेऊन द्यावा. ५,०००च्या वर असेल तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावावा. एका माणसाला एका दिवसात १०,०००पेक्षा जास्त रोख दिली तर आयकराच्या हिशेबात तो खर्च ट्रस्टच्या कामी लागला असं धरलं जात नाही. म्हणून पगार खात्यातच टाकलेला बरा.

पिशवीची खरी कमजोरी हंगामी आहे. पावसाच्या रविवारी हजेरी निम्मी, मे महिन्यात अर्धी मंडळी गावाला, आणि नगर-बीडच्या पट्ट्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला घरं निघाली की वसंत ऋतू येईपर्यंत पिशवी हलकीच. एवढ्याच भरवशावर पाळकाचा पगार ठेवला तर पहिली कसोटी बाद. पिशवीतून वीजबिल भागवा, पगार दुसरीकडून आणा.

मासिक पाकीट

छोटं जाड कागदाचं पाकीट, वर बारा महिन्यांचे चौकोन, घराला एक क्रमांक. जानेवारीत घरोघर वाटायचं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भरून पिशवीत टाकायचं, खजिनदाराने चौकोनात सही करून परत द्यायचं. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन कप्प्यांचं पाकीट रुळलं होतं, एक कप्पा स्थानिक मंडळीसाठी आणि दुसरा मिशनसाठी. आपल्याकडेही एका बाजूला 'पाळक निधी' आणि दुसऱ्या बाजूला 'इमारत' छापून घ्यायला हरकत नाही. नाहीतर सगळा पैसा फरशीत जातो. फरशी दिसते, पाळकाचा भविष्यनिर्वाह निधी दिसत नाही.

याचा मोठा गुण म्हणजे घर काही महिने ऊसतोडीला गेलं तरी चौकोन रिकामे राहतात आणि परतल्यावर भरले जातात. दान हजेरीपासून सुटतं. पगारासाठी गावातल्या मंडळीने एकच साधन घ्यायचं असेल तर हेच घ्यावं. पाचपैकी चार.

एक गुण कापला तो थकबाकीच्या यादीसाठी. कुठेकुठे वार्षिक सभेत कोणाचे किती चौकोन रिकामे हे नावानिशी वाचून दाखवतात. पाकिटावर घराचा क्रमांकच असावा, क्रमांक आणि नावाची जुळणी फक्त खजिनदाराच्या वहीत असावी आणि ती वही पाळकाने मागू नये. तिथे शिस्त सुटली की पुढची पायरी ठरलेली: लग्नाची चिठ्ठी हवी तर आधी पाकिटाची बाकी भरा. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांना वर्गणीची अट लावली की ते दान राहत नाही, आणि कोणती कमिटी हे करते ते गावाला बरोबर माहीत असतं.

क्यूआर आणि तो बोलणारा डबा

यूपीआय २०१६मध्ये आलं, कोविडच्या टाळेबंदीत चर्च बंद झाली आणि क्यूआर थेट वेदीजवळ पोचला. आता शहरातल्या मंडळीत त्याच्याशिवाय भागत नाही. पण घेताना पाहायच्या गोष्टी बऱ्याच आहेत.

पहिली आणि शेवटची गोष्ट: स्कॅन केल्यावर फोनवर नाव कोणाचं येतं? मंडळीच्या नोंदणीकृत ट्रस्टचं आलं तर पुढे चला. पाळकाचं, त्याच्या बायकोचं किंवा भावाचं आलं तर पैसे देऊ नका. नम्रपणे पिशवीत टाका आणि कमिटीला विचारा. कमिटीच नसेल तर उत्तर मिळालंच. भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या अनेक स्वतंत्र मंडळ्यांत पाळक संस्थापक, विश्वस्त, खजिनदार आणि खातेदारही असतो. तो अप्रामाणिक असेलच असं नाही. पण त्याचा पगार किती हे त्यालाही सांगता येत नाही, कारण पगार आणि मंडळीचा पैसा यांच्यामध्ये भिंतच नसते. आयकर खात्याने विचारलं तर खात्यात आलेलं सगळं दान त्याचं स्वतःचं उत्पन्न नाही हे सिद्ध करायची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

खातं उघडताना बँकेला ट्रस्टचा पॅन, नोंदणीचा दाखला, ठराव आणि सह्यांचे नमुने लागतात. सह्या किमान दोघांच्या, पाळक त्यात नसला तर उत्तम. घोळ होतो मोबाईल क्रमांकात. जुन्या खजिनदाराचा खासगी नंबर खात्याला जोडलेला असतो, निवडणूक होते, कमिटी बदलते, तो रुसतो, आणि ओटीपी त्याच्या खिशात राहतो. म्हणून मंडळीच्या नावाने वेगळं सिम घ्या, साध्या फोनमध्ये घाला, फोन कपाटात ठेवा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट टाका. तो वर्षानुवर्षं पडून राहिला की बँक नव्या सह्या मान्य करत नाही आणि पगाराचा चेक अडकतो. पाळकाचा पगार थकण्याचं हे कारण दानाच्या कमतरतेइतकंच नेहमीचं आहे.

साउंडबॉक्स घेऊ नका. दुकानासाठी तो चांगला. भाडं महिन्याला साधारण शंभर-सव्वाशे, गर्दीत दुकानदाराला फोन पाहावा लागत नाही. चर्चमध्ये तो प्रभुभोजनाच्या शांत प्रार्थनेत, स्वच्छ मराठीत, पाचशे रुपये मिळाल्याची घोषणा करतो. पुढच्या मिनिटाला अकरा रुपये. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये अशी जिथे शिकवण, तिथे हे यंत्र अख्ख्या मंडळीला कळवतं. आवाज बंद करून ठेवायचा असेल तर भाडं कशाचं भरायचं? जुन्या दगडी चर्चच्या जाड भिंतींत त्याला रेंजही धड मिळत नाही.

क्यूआरचे कागद लॅमिनेट करून बाकांच्या टोकाला लावा, दारावर एकच. दर रविवारी उपासनेआधी कोणीतरी प्रत्येक कोड स्कॅन करून नाव पाहावं, कारण वरून दुसरा स्टिकर चिकटवण्याची भामटेगिरी दानपेटीजवळही होऊ शकते. देणाऱ्यांनी शेऱ्याच्या रकान्यात 'पाळक निधी', 'दशांश' किंवा 'इमारत' लिहिण्याची सवय लावावी, नाहीतर महिनाअखेर खजिनदार ३०० नोंदींपुढे डोकं धरून बसतो.

आणि क्यूआरचं खरं न्यून हे की त्यात गुप्त काही नसतं. बँकेच्या उताऱ्यात देणाऱ्याचं नाव, रक्कम, तारीख, सगळं येतं. तो उतारा पाळकाच्या व्हॉट्सॲपवर जाऊ लागला की दुसरी कसोटी संपली. कमिटीने ठराव करावा: पाळकाला महिन्याची फक्त बेरीज कळवायची. आणखी एक बारीक गोष्ट. फोनवरून दिलेल्यांपुढे पिशवी आली की ते नुसता हात पुढे करून मान हलवतात आणि शेजारची आजी, जिच्याकडे फोन नाही, दहाची नोट घालताना संकोचते. त्यावर सोपा उपाय म्हणजे 'दान फोनवरून दिले' असे छोटे कार्ड बाकावर ठेवणं, ते पिशवीत टाकायचं. मुलांसाठी नाणी मात्र घरून आणा. संडेस्कूलचं पोर वडिलांच्या फोनकडे बघत दान द्यायला शिकत नाही.

परदेशात असलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी गावच्या मंडळीला क्यूआरवर पैसे पाठवण्याआधी एक गोष्ट तपासावी. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने आपल्या बचतीतून बँकेच्या मार्गाने दिलेलं दान परकीय निधी ठरत नाही. अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा पासपोर्ट घेतलेल्या मामाने पाठवलेले पैसे मात्र ठरतात, मग हातात ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असो वा नसो. एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणी नसलेल्या ट्रस्टच्या साध्या खात्यात ते आले की प्रेमाने पाठवलेली रक्कम मंडळीच्या गळ्याशी येते. मामाला कळवा, पाठवू नका म्हणून.

आपोआप कपात

यूपीआय ऑटोपे किंवा बँकेचा मँडेट पगारासाठी सर्वांत नेमका. पुण्या-मुंबईत नोकरदारांच्या मंडळीत वीस-पंचवीस घरांनी लावला तर पगाराची चिंता मिटते. तारीख ५ ते ७ ठेवा, पगार एक तारखेला झालेला असतो. शेतकरी आणि रोजंदारी घरांना तो लावायला सांगू नका. शिल्लक कमी पडून बँकेचा मँडेट परत गेला की बँक दंड कापते आणि दान राहतं बाजूला, वर भुर्दंड.

कापणीचा सण

सप्टेंबर-ऑक्टोबरपासून पुढे सोयीने ठेवलेल्या रविवारी लोक धान्य, भाजी, कोंबडी, नारळ, शिवलेली गोधडी घेऊन येतात आणि मग लिलाव. जिवंत प्रकार आहे. भोपळा ८० रुपयांचा, बोली ५०वरून सुरू होते, दोन चुलतभावांत चुरस लागते, साडेअकराशेला सुटतो, आणि विकत घेणारा तोच भोपळा पुन्हा लिलावाला देतो. एकाच भोपळ्याचे तीनदा पैसे. वर्षाचं मोठं घबाड यातून येतं यात वाद नाही.

पण त्या साडेअकराशेतले किती त्याच दिवशी टेबलावर पडले? 'लिहून ठेवा, उसाचं बिल आलं की देतो.' लिलावाची वही उघडून पाहा, मागच्या तीन सणांची येणी तशीच असतात, आणि कमिटी तोंडी बेरीज जमा धरून पाळकाला वाढ जाहीर करून बसलेली असते. नियम साधा: जमा म्हणजे हातात आलेली रक्कम, बोली नव्हे. लिलावाच्या टेबलाशी क्यूआर ठेवला तर उधारी निम्म्याने उतरते, इथे तो मुद्दाम वापरावा. आणि सणाचा पैसा महिन्याच्या पगारात घालू नये, तो ठेव म्हणून बाजूला ठेवून दुष्काळी महिन्यांना किंवा निवृत्ती निधीला लावावा.

धान्याच्या दानाचा याहून शिस्तीचा नमुना मिझोराममध्ये आहे. तिथल्या प्रेस्बिटेरियन स्त्रियांनी १९१०पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढायची रीत चालवली, 'बुहफाई थाम'. तांदूळ गोळा होतो, विकला जातो, पैसा चर्चच्या कामाला लागतो. दुष्काळातही घरात भात शिजतो तितका तरी वाटा निघतोच, म्हणून चौथ्या कसोटीवर याला तोड नाही. आपल्याकडे ज्वारी-बाजरीवर हे सहज जमेल, फक्त कीड लागण्याआधी दर पंधरवड्याला उचल हवी.

हातात सरकवलेलं पाकीट

घरभरणीची प्रार्थना, आजाऱ्याला भेट, लग्न, दफन. निघताना यजमान पाळकाच्या हातात पाकीट सरकवतो. पगार अपुरा असलेल्या पाळकाचं घर खरं यावरच चालतं, म्हणून कमिटीही डोळेझाक करते. बलुतेदारीसारखाच हा मामला: ज्याच्या खळ्यावर रास मोठी त्याच्याकडे फेरी आधी. झोपडपट्टीतल्या म्हातारीकडे प्रार्थना महिनाभर पुढे ढकलली जाते आणि कोणी कोणाला बोलत नाही.

या बाबतीत कॅथलिकांचा नियम प्रोटेस्टंटांनी मोकळ्या मनाने उचलावा. मिस्सासाठी (प्रभुभोजनाच्या उपासनेसाठी) दिलेलं अर्पण धर्मगुरू घेऊ शकतो, पण १९८३च्या चर्च कायद्याप्रमाणे दिवसात कितीही मिस्सा केल्या तरी एकाच मिस्साचं अर्पण स्वतःकडे ठेवायचं, बाकीची धर्मप्रांताच्या अधिकाऱ्याने ठरवलेल्या कामांना. अपवाद नाताळचा. धंद्याचा नुसता भासही होऊ नये असं तिथे शब्दांत लिहिलेलं आहे. वसईपासून गोव्यापर्यंत हाच कायदा लागू. आपल्या पास्टोरेटने एक ओळीचा ठराव केला तरी पुरे: लग्न, दफन आणि घरभेटीची पाकिटं खजिनदाराकडे जमा होतील, पेट्रोलचा खर्च मंडळी देईल. मात्र आधी पगार पोटापुरता करा. उपाशी ठेवून वर पाकीटही काढून घेतलंत तर पाळक जाईल, आणि जावंच.

डायसिसचा पूल

२९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि अनेक मिशनांच्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. अशा रचनेत पास्टोरेटने डायसिसला कोटा भरायचा आणि पगार वेतनश्रेणीप्रमाणे वरून यायचा, ही पद्धत कागदावर उत्तम. गावाचा आणि कॅम्पातल्या श्रीमंत चर्चचा पाळक एकाच श्रेणीत येतो, बदली झाली म्हणून घर कोलमडत नाही, आणि स्थानिक पुढाऱ्याला 'तुमचा पगार आम्ही देतो' असं सुनावता येत नाही.

खाली येताना ती दोन ठिकाणी अडते. एक, कोटा थकतो. 'आपले पैसे वरच जातात' अशी कुरकुर करून पास्टोरेट हात आखडतं आणि जो थकबाकीत आहे त्याच्याच नव्हे, सगळ्याच पाळकांचा पगार लांबतो. दोन, मिशनच्या जुन्या जमिनीच्या भाड्यावर पूल उभा असेल तर कोर्टाची स्थगिती आली की आटतो. उपाय म्हणून प्रत्येक डायसिसने किमान तीन महिन्यांच्या पगाराइतकी ठेव वेगळी ठेवावी आणि कोट्याचा जमाखर्च पास्टोरेटनिहाय छापून सिनॉडप्रमाणेच (चर्चच्या मध्यवर्ती सभेप्रमाणेच) खेड्यातल्या सेक्रेटरीलाही पाठवावा. आकडा दिसला की कुरकुर निम्मी होते. सरकारनेच गोळा करून द्यायची जर्मनीची तऱ्हा, आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्चकर, वसुलीत बिनचूक आहे. पण तिथे लोक कर वाचवायला रीतसर अर्ज करून चर्चमधूनच बाहेर पडतात.

मुक्तिफौजेचा (साल्व्हेशन आर्मीचा) मार्ग या सगळ्यांत निराळा. १८८२ला मुंबईत उतरल्यापासून तिचे अधिकारी पगार म्हणून काही घेत नाहीत. गरजेनुसार भत्ता मिळतो आणि त्याचीही हमी नसते. मंडळी मोठी म्हणून भत्ता मोठा असं गणित नाही. शिस्त कडक असलेल्या संघटनेतच हे चालतं. एकेकट्या मंडळीने नक्कल केली की भत्ता म्हणजे कमी पगार एवढाच अर्थ उरतो.

पगारच नको म्हणणारे

उपदेशक जॉर्ज म्यूलरने १८३०मध्ये इंग्लंडात टिनमथ इथे बाकाच्या भाड्यातून येणारा ठरीव पगार सोडला. श्रीमंताला पुढचं बाक मिळतं, तिमाहीचं भाडं भरताना गरिबाची ओढाताण होते आणि भाडं भरणाऱ्यांपुढे बोलताना उपदेशकाची जीभ अडखळते, ही त्याची कारणं आजही तितकीच खरी. त्याने चर्चमध्ये पेटी ठेवली. पण पेटी उघडण्याचं काम ज्यांच्याकडे होतं ते आठवडेच्या आठवडे विसरत आणि तो मागत नसे. म्हणजे विश्वासाच्या मार्गालाही वेळेवर किल्ली फिरवणारा खजिनदार लागतोच. आपल्याकडे ना. वा. टिळकांनी १९१७ला मिशनची पगारी सेवा सोडून 'देवाचा दरबार' मांडला. परदेशी पैशाच्या सावलीत उभ्या मंडळीबद्दलची त्यांची खंत समजण्यासारखी होती. मात्र हा मार्ग स्वतःहून पत्करणाऱ्याचा आहे. नोकरीच्या जाहिरातीत 'विश्वासाने सेवा करणारा पाळक पाहिजे' असं लिहिणाऱ्या कमिटीला पाचपैकी शून्य.

स्वतः कमावून सेवा करणारा पाळक वीस घरांच्या नव्या मंडळीला ठीक. तास मात्र लिहून ठरवा: रविवार, एक संध्याकाळ, तातडीचा दवाखाना आणि दफन. पूर्ण वेळाच्या अपेक्षा आणि अर्धा दिवस सुट्टी, यात घरची माणसं भरडली जातात.

कागद

कोणतंही साधन घ्या, पाळकाला नेमणुकीचं पत्र आणि दर महिन्याची पगारपावती द्या. पगार, निवासभत्ता, प्रवासखर्च वेगवेगळे दाखवा. प्रवासखर्च बिलांवर द्या, नाहीतर तोही पगारात मोजला जातो. 'धर्माचं काम, त्यावर कर कसला' हा समज काढून टाका. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या धर्मगुरूंच्या आणि नन्सच्या पगारावरही उगमातून करकपात होते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये कायम केलं. पाळकाचा पगार तर सरळच करपात्र आहे. २०२५-२६पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नसल्याने द्यावं फारसं काही लागत नाही, पण विवरणपत्र भरलेलं बरं. मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेचा माणूस पाळकसाहेबांकडे तीन पगारपावत्या आणि दोन वर्षांची विवरणपत्रं मागतो, तेव्हा मंडळीचं प्रशस्तिपत्रक चालत नाही.

पाळक ट्रस्टचा विश्वस्तही असेल तर पगार ठरवण्याच्या बैठकीतून त्याने बाहेर जावं आणि इतिवृत्तात तशी नोंद करावी. ट्रस्टच्या घटनेत विश्वस्ताला मोबदला देण्याची तरतूद आहे का तेही आधी पाहा. नसेल तर लेखापरीक्षक शेरा मारेल. मंडळीला दिलेल्या दानावर साधारणपणे आयकराची (८०जी म्हणून ओळखली जाणारी) सवलत मिळत नाही, हे देणाऱ्यांना आधीच सांगा. पिशवीतल्या निनावी दानावर निव्वळ धार्मिक ट्रस्टला वेगळा कर नाही, पण तेच पैसे शाळेच्या किंवा दवाखान्याच्या नावाने गोळा केले असतील तर सीएला विचारूनच पावती फाडा.